तेरा दगड, चार पौंड

इथे माणसाला दगडात मोजतात.
काट्याकडे वाकून नर्स ग्लेनिस म्हणाली,
तेरा स्टोन, चार पौंड.
मी मनात भाषांतर केलं: तेरा धोंडे,
बावीस वर्षांत एकेक करून
स्वतःच्या पदरात पाडून घेतलेले,
कॅन्टीनच्या चिप्ससोबत, रात्री दोनच्या बिस्किटांसोबत.
"दोन उतरव," ती म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, दोन पिशव्या इथेच ठेव, मग चढ.

मला आधीच कळलं होतं तसं.
मी रक्ताच्या लॅबमध्ये.
अख्ख्या हॅलिफॅक्सची साखर माझ्या हाताखालून जाते.
एका रात्री आकडा आला चव्वेचाळीस,
नाव वाचलं:
टिपणीस, नीलाक्षी. स्त्री. एकावन्न.

मग काय, वेळापत्रक केलं.
सोमवारी पोहणं, बुधवारी झुंबा, शनिवारी टेकडी,
तीन रंगांच्या पेनांनी, फ्रिजवर,
ड्यूटीच्या रोटाशेजारी.
रोटाने ते दोन आठवड्यांत खाल्लं.
झुंब्याच्या बुधवारी रात्रपाळी,
पोहण्याच्या सोमवारी दुपारपर्यंत झोप.
आणि एक दिवस चुकला
की उरलेला आठवडा मीच पुरून टाकायचे,
श्राद्धाला टोस्टवर बोटभर लोणी.

दगडापेक्षा वीट मऊ, आई म्हणायची.
पण इथे वीट कुठली?
घरं दगडाची, कुंपणं दगडाची,
गिरण्या काळ्या पडलेल्या दगडाच्या,
आणि जिथे जायचं ते कायम वरच्या अंगाला.

नोव्हेंबरात स्कारबरोच्या किनाऱ्यावरून
कोटाच्या खिशात पाच खडे आले.
किटली उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या
एक उडवला, खालचा उचलला, वरचा झेलला.
हाताला आठवत होतं!
रहिमतपूरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत,
सागरगोट्यांत मला हरवणारी एकच, कुंदा मोकाशी.
झेल सुटला की डाव जायचा,
जायचा म्हणजे समोरच्या मुलीकडे फक्त.
फिरून आपल्याकडे यायचाच,
आणि जिथे सुटला तिथूनच पुढे.
कुणी वेळापत्रक फाडत नव्हतं.

तेव्हापासून दोन वाट्या.
कुठेही, केव्हाही, कशीही दहा मिनिटं अंग हललं
की एक खडा डावीकडून उजवीकडे.
सेंट्रिफ्यूज फिरतंय तोवर जिने.
सकाळी सातला, दोन स्टॉप आधी उतरून, घर.
झोप येत नसेल तेव्हा भर दुपारी
पडदे ओढून, मोजे घालून, नाच.
खालच्या मजल्यावरच्या मिस्टर ऑग्डेननी
जिन्यात हळूच विचारलं, सामान हलवताय का?
हो, म्हटलं. थोडं थोडं.

कधी पाचही उजवीकडे. कधी एकच.
फेब्रुवारीत बर्फ पडला त्या आठवड्यात एकही नाही.
डावीकडे पाचही बसून राहिले,
गाडी चुकलेल्या पाहुण्यांसारखे.
मी त्यांना काही बोलले नाही, त्यांनी मला.

एप्रिलमध्ये ग्लेनिसचा काटा:
बारा स्टोन, तेरा पौंड.
पाच महिन्यांत पाच पौंड,
म्हणजे साखरेच्या दोन पिशव्या आणि वर चार-पाच चमचे... नाही, जरा जास्तच.
तिने नुसतं "हं" केलं आणि लिहून घेतलं.
पण माझ्यापुरता तेरावा उरकला होता.

परतताना चढाखाली बस थांबली.
ड्रायव्हर ओळखीचा, दार उघडून बघत राहिला.
मी हातानेच म्हटलं, जा तू.
अर्ध्या चढावर धाप लागली.
कुणाच्या तरी कुंपणाला टेकले.
दगड उन्हाने कोमट झालेला,
खाली सगळं गाव, चिमण्या, ओल्या स्लेटची छपरं,
आणि मागून येणारी पुढची बस.

ती मात्र पकडली.
घरी आल्यावर खडा हलवला.
चढ अर्धाच होता,
पण दहा मिनिटं झाली होती.